अठ्ठावन्नाव्या वर्षी पाच विद्यार्थिनी

महाराष्ट्र सरकारच्या बहुतेक कर्मचाऱ्यांची नोकरी ५८ व्या वर्षी संपते. शाल, श्रीफळ, दोन-चार भाषणं आणि 'आता आराम करा' असा सगळ्यांचा प्रेमळ हुकूम. हे वय लक्षात ठेवा. १८ एप्रिल १९१६ रोजी पुण्यातल्या एका निवृत्त गणिताच्या प्राध्यापकांनी ५८ वर्षं पूर्ण केली. आणि जूनमध्ये त्यांनी चक्क विद्यापीठ काढलं!

मोठी इमारत नव्हती. सरकारची मान्यता नव्हती, ती मिळायला देश स्वतंत्र व्हावा लागला. आणि विद्यार्थिनी किती? पाच. पाच मुली आणि एक विद्यापीठ. आज आपण ज्याला 'एसएनडीटी' म्हणतो, भारतातलं पहिलं महिला विद्यापीठ, ते हेच.

प्राध्यापकांचं नाव धोंडो केशव कर्वे. जन्म आजोळी, खेड तालुक्यातल्या शेरवलीत. पण घर मुरुडचं. दापोलीहून उतरून हर्णै आणि कर्दे यांच्या मधलं, नारळी-पोफळीत दडलेलं आणि समोर लांबलचक वाळू पसरलेलं हे गाव. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईच्या गाड्या तिथे येतात, मंडळी भरती-ओहोटीची वेळ विचारतात, मासे खातात, परत जातात. या गावच्या एका मुलाने एका आयुष्यात किती वेळा वाट बदलली, हे मोजायला बसलं की बोटं कमी पडायला लागतात. पस्तिशीच्या तोंडावर गावाने वाळीत टाकावं असा विवाह. अडतिसाव्या वर्षी विधवांसाठी आश्रम. अठ्ठावन्नाव्या वर्षी विद्यापीठ. सत्तरी गाठल्यावर जगप्रवास. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी खेड्यापाड्यांतल्या प्राथमिक शाळा. शहाऐंशीव्या वर्षी जातिभेदाविरुद्ध 'समता संघ'. माणूस १०४ वर्षं जगला हे खरंच, पण नुसतं लांब जगून हे होत नाही. मग कशाने होतं?

हा माणूस धडाडीचा असेल, सभा गाजवणारा असेल, असं वाटतं ना? तसं काहीच नव्हतं. कर्वे कमालीचे संकोची होते. वक्तृत्व नाही, लेखणीत टिळक-आगरकरांची आग नाही. लोकांपुढे उभं राहून पैसे मागायचे तर त्यांना आधी स्वतःशी झगडावं लागे. कुणी म्हणेल, असा माणूस एका नोकरीला चिकटून राहील आणि पेन्शन घेईल. त्यांनी मात्र आयुष्यभर पैसेच मागितले. आधी पुण्यात, मग महाराष्ट्रभर, आणि शेवटी समुद्रापलीकडे.

सुरुवात तर आणखी अडखळती. मुरुडच्या मराठी शाळेत सोमण गुरुजी नावाचे एक शिक्षक होते. वर्गातल्या धड्यांपलीकडचं जग मुलांना दाखवण्याची त्यांना हौस. त्यांच्या सांगण्यावरून हा मुलगा गावच्या दुर्गादेवीच्या देवळात लोकांना वर्तमानपत्र वाचून दाखवत असे. १८७५ साल. सहावीची सरकारी परीक्षा द्यायची होती. ती उतरली की मास्तरकी किंवा कारकुनी मिळायची शक्यता. परीक्षेचं जवळचं केंद्र सातारा. जवळचं म्हणजे किती? शंभराहून जास्त मैल, मध्ये सह्याद्री, आणि वाहन म्हणजे स्वतःचे पाय. हा मुलगा आणि त्याच्याबरोबरची मुरुडची पोरं पावसापाण्यातून, डोंगर चढून साताऱ्याला पोचली. परीक्षेला बसायला वयाची अट होती, १७ वर्षांची. समितीने या किरकोळ चणीच्या मुलाकडे पाहिलं आणि सांगितलं, तू सतरा वर्षांचा दिसत नाहीस. विषय संपला. आल्या वाटेने परत.

पुढच्या वर्षी त्याने कोल्हापूरला जाऊन तीच परीक्षा दिली आणि पास झाला. मग इंग्रजी शिक्षण. मॅट्रिक झाले तेव्हा कर्वे २३ वर्षांचे होते, घरी लग्नाची बायको होती, आणि पुढच्याच वर्षी मुलगाही झाला. बी.ए. १८८४ मध्ये, एल्फिन्स्टन कॉलेजातून, गणित घेऊन. आजच्या हिशेबात हा 'मागे पडलेला' विद्यार्थी. मला वाटतं, पुढच्या सगळ्या गोष्टीची किल्ली इथेच आहे. ज्याला कधीच वेळेवर पोचता आलं नाही, त्याला 'आता उशीर झाला' या वाक्याची भीती उरत नाही.

आता १८९१ सालाकडे या. मुंबईत शिकवण्या आणि शाळा अशी ओढाताण चाललेली. त्याच वर्षी पत्नी राधाबाई वारल्या. मुलगा रघुनाथ नऊ वर्षांचा. आणि त्याच वर्षी पुण्याहून गोपाळ कृष्ण गोखल्यांचं बोलावणं आलं. टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडले होते, फर्ग्युसन कॉलेजात गणिताची जागा मोकळी होती. येता का?

या एका वर्षाचं वजन किती? ते मोजायचं एक गमतीदार साधन आहे. १९६७ मध्ये थॉमस होम्स आणि रिचर्ड राहे या दोन अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी आयुष्यातल्या ४३ उलथापालथींची यादी केली आणि प्रत्येकीला गुण दिले. वर्षभराच्या गुणांची बेरीज जितकी मोठी, तितकी आजारी पडण्याची शक्यता जास्त. यादीत पहिल्या नंबरवर जोडीदाराचा मृत्यू: १००. कामाचं स्वरूप बदलणं: ३६. राहती जागा बदलणं: २०. कर्व्यांच्या १८९१ ची बेरीज झाली १५६, आणि आपण फक्त मोठ्या गोष्टी धरल्या. यादीत आणखी एक आश्चर्य आहे. लग्न! त्याला ५० गुण. नोकरीवरून काढून टाकलं जाण्याला ४७. म्हणजे मांडवातली सनई ही नोकरी जाण्याच्या धक्क्याहून तीन गुण भारी. शरीराला बदल चांगला की वाईट हे फारसं कळत नाही. त्याला बदल तेवढा कळतो.

'गावाने वाळीत टाकणं' याला मात्र त्या यादीत वेगळा आकडा नाही. अमेरिकेत १९६७ साली त्याची गरज पडली नसावी. कर्व्यांना पडली.

झालं असं. शाळासोबती नरहरपंत जोशी हे त्यांचे जिवलग मित्र. त्यांची बहीण गोदूबाई आठव्या वर्षी, लग्नानंतर काही महिन्यांतच विधवा झालेली. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, तेव्हा तिथे दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी ती हीच. पत्नी गेल्यावर कर्व्यांनी ठरवलं होतं, पुन्हा लग्न केलंच तर विधवेशी. मार्च १८९३ मध्ये पुण्यात दोघांचं लग्न झालं. गोदूबाई आनंदीबाई झाल्या, आणि पुढे सगळ्यांच्या बाया.

नवं जोडपं मुरुडला गेलं आणि गावात ग्रामण्य उभं राहिलं. सभा भरली, ठराव झाले. कर्व्यांबरोबर एका बैठकीत बसायचं नाही. मुरुडला आले तर त्यांना घरात घ्यायचं नाही. घेतलं तर आई आणि भाऊही वाळीत. ज्या गावात हा मुलगा वर्तमानपत्र वाचून दाखवायचा, त्याच गावात. त्यांनी वाद घातला नाही. आईला आणि भावाला त्रास नको म्हणून घराचा उंबरा सोडला. आज मुरुडमध्ये त्यांचं स्मारक आहे. गावाचं मतही बदलतं, फक्त त्याला वेळ लागतो.

इथे क्षणभर कर्व्यांना बाजूला ठेवू आणि बदल म्हणजे नेमकं काय असतं ते पाहू. १९०९ मध्ये आर्नोल्ड व्हान गेनेप नावाच्या अभ्यासकाने फ्रेंचमध्ये एक पुस्तक लिहिलं. जगभरचे संस्कारविधी त्यांनी शेजारी-शेजारी मांडले. जन्म, वयात येणं, लग्न, मृत्यू. आणि त्यांना दिसलं की इतक्या वेगवेगळ्या समाजांत सांगाडा एकच आहे. आधी माणसाला जुन्या जागेवरून सोडवतात. मग तो काही काळ मधल्या अवस्थेत, ना इथला ना तिथला. आणि शेवटी त्याला नव्या जागी सामावून घेतात. आपली मुंज आठवा. मातृभोजन म्हणजे आईपासून सुटणं. मग मुंडण केलेला, लंगोटी लावलेला, धड घरातला नाही न् धड गुरूचा नाही असा तो बटू. मग भिक्षावळ, आणि सगळ्यांचा आशीर्वाद घेऊन नव्या ओळखीने परत. विल्यम ब्रिजेस या अमेरिकी लेखकाने १९८० मध्ये हीच तिपेडी आजच्या नोकऱ्या, घटस्फोट, निवृत्ती यांना लावली आणि म्हटलं, लोकांची गल्लत होते ती मधल्या टप्प्यात. तो रिकामा वाटतो म्हणून ते घाबरून मागे पळतात किंवा घाईने पुढे उडी मारतात.

आता हा सांगाडा त्या काळच्या ब्राह्मण घरातल्या विधवेला लावून पाहा. पहिला टप्पा अतिशय काटेकोर. कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या, केशवपन झालं, अंगावर लाल आलवण आलं. दुसरा टप्पा: सोवळं, माजघर, शुभकार्यात पुढे यायचं नाही. आणि तिसरा? तिसरा नाहीच! आठ वर्षांच्या मुलीला समाजाने एका अवस्थेतून बाहेर काढलं आणि पुढे आत घेण्याचा विधीच केला नाही. साठ-सत्तर वर्षं नुसत्या उंबऱ्यावर. इतक्या बारकाईने संस्कार रचणाऱ्या समाजाला हा तिसरा टप्पा सुचला नाही, की सुचवायचा नव्हता?

अण्णांच्या, म्हणजे कर्व्यांच्या, पुढच्या सगळ्या कामांकडे मी या नजरेने पाहू लागलो आणि ती विखुरलेली कामं एका ओळीत उभी राहिली. ते तो राहिलेला तिसरा टप्पा बांधत होते.

पहिला प्रयत्न सरळ होता. १८९३ मध्येच विधवाविवाहाला उत्तेजन देणारी मंडळी त्यांनी काढली. हिशेब लवकर लक्षात आला. एकेका लग्नाला एकेक धैर्यवान वर हवा, घरची संमती हवी, आणि नंतरचा बहिष्कार सोसायची तयारी हवी. ज्यांना मुलं होती, ज्यांना लग्न नको होतं, त्यांचं काय? गणिताच्या माणसाला हे कोष्टक जमेना. मग १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम. विधवांना शिकवायचं, पायावर उभं करायचं. आणि इथे त्यांनी जे केलं त्याने त्यांचे सुधारक मित्रसुद्धा चक्रावले. आश्रमाच्या दारातून त्यांनी पुनर्विवाहाचा विषयच बाहेर ठेवला. ज्याने स्वतः विधवेशी लग्न केलं तो म्हणतो, आमच्या आश्रमात लग्नाचा प्रचार होणार नाही! घाबरट तडजोड? काहींना तसं वाटलं. पण विचार करा, सनातनी बाप आपली विधवा लेक शिकायला कुठे धाडेल? जिथे तिचं लग्न लावून देतील अशा जागी तो मुळीच धाडणार नाही. दार उघडं राहायचं असेल तर पाटीवर काय लिहायचं नाही, हे अण्णांना कळलं होतं.

हे सगळं करताना पोट कशावर चाललं होतं? फर्ग्युसनच्या पगारावर. बदलाच्या कहाण्या ऐकताना आपण नेहमी चुकतो ते इथे. आपल्याला राजीनामा टेबलावर आपटणारा नायक आवडतो. कर्व्यांनी आश्रम काढला १८९६ मध्ये आणि कॉलेज सोडलं १९१४ मध्ये. मध्ये १८ वर्षं! सोसायटीचे ते आजीव सदस्य होते. मामुली पगारावर वीस वर्षं सेवेचा तिथला करार. तो त्यांनी पाळला आणि त्याच काळात दुसरं आयुष्य उभं केलं. मुरुडच्या वाडीत मिरीचा वेल पोफळीवर चढवतात, तसं हे काम नोकरीच्या खोडावर चढत गेलं. वेल तयार होईपर्यंत पोफळ तोडायची नसते.

१९०० च्या सुमाराला आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याला गेला. रावबहादूर गणेश गोविंद गोखल्यांनी तिथे जमीन दिली होती. पहिलं घर जेमतेम झोपडीएवढं. शहरापासून चार मैल, धड रस्ता नाही. अण्णा दिवसा कॉलेजात गणित शिकवायचे आणि मग चिखल तुडवत हिंगण्याला जायचे, सकाळी परत. हिंगण्याला आता कर्वेनगर म्हणतात आणि तिकडे जाणाऱ्या रस्त्याला कर्वे रस्ता. तिथल्या संध्याकाळच्या कोंडीत अडकलात तर एवढं समाधान बाळगा की ज्यांचं नाव पाटीवर आहे ते बहुधा तुमच्या आधी पोचले असते.

शंभर वर्षांनी हर्मिनिया इबारा या व्यवस्थापनशास्त्राच्या अभ्यासिकेने, करिअर बदलणाऱ्या माणसांचा पाठपुरावा करून, २००३ मध्ये एक पुस्तक लिहिलं. निष्कर्ष प्रचलित सल्ल्याच्या उलटा. आधी खोलात जाऊन स्वतःला ओळखा आणि मग बदला, असं यशस्वी माणसं करत नाहीत. ती जुनं काम चालू ठेवून बाजूला लहान-लहान प्रयोग करतात, नव्या माणसांत मिसळतात, आणि करता करता त्यांना कळतं की आपण कोण होऊ शकतो. हे वाचताना हिंगण्याची वाट डोळ्यांपुढे आली नाही तरच नवल.

पण पोफळच तोडली गेली तर? ही भीती खोटी नाही, कारण ते घरातच घडलं. थोरला मुलगा रघुनाथ धोंडो कर्वे, तोही गणिताचा प्राध्यापक, मुंबईच्या विल्सन कॉलेजात. १९२१ मध्ये त्यांनी संततिनियमनाचं काम सुरू केलं. अशा विषयावर उघड बोलणारा प्राध्यापक कॉलेजला चालेना, आणि १९२५ मध्ये नोकरी गेली. १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक, खटले, दंड, कर्ज, आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत तेच. बापलेक दोघेही तितकेच चिवट. बापाला असं कॉलेज मिळालं की ज्याने विधवेशी लग्न केलेल्या प्राध्यापकाला ठेवून घेतलं, मुलाला ते मिळालं नाही. स्थित्यंतर यशस्वी झालं की आपण माणसाची पाठ थोपटतो. त्याला आधार देणाऱ्या खांबाचं नावही निघत नाही.

आता पुढची साखळी पाहा. प्रत्येक नवं काम आधीच्या कामातल्या भोकातून बाहेर आलं आहे. विधवांना शिकवता शिकवता प्रश्न पडला: संकट कोसळल्यावरच मुलीला का शिकवायचं? म्हणून १९०७ मध्ये महिला विद्यालय, सगळ्याच मुलींसाठी. संस्था वाढली, मग पुढचा प्रश्न: मी एकटा किती दिवस? म्हणून १९०८ मध्ये निष्काम कर्म मठ, आयुष्य वाहून घेणाऱ्या कार्यकर्त्यांचा. आपल्यानंतर कोण, हा प्रश्न पन्नाशीत सोडवायला घेणारा माणूस किती विरळा! म्हणूनच पुढच्या प्रत्येक वळणावर मागचं काम सांभाळायला माणसं तयार होती आणि अण्णा मोकळे होते.

आणि विद्यापीठ? ते आलं एका पुस्तिकेतून. बनारसच्या बाबू शिवप्रसाद गुप्तांनी जपानमधल्या महिला विद्यापीठाची माहिती देणारी पुस्तिका त्यांना पाठवली. १९१५ मध्ये मुंबईच्या सामाजिक परिषदेचं अध्यक्षपद आलं. भाषणात सांगायचं काय? ती पुस्तिका हाती आली आणि कल्पना पेटली. रामकृष्ण गोपाळ भांडारकर पहिले कुलपती झाले. शिक्षण मातृभाषेतून, हे त्या काळात धाडसच. एक मात्र मोकळेपणाने म्हणायला हवं: स्त्रियांचं कार्यक्षेत्र वेगळं, म्हणून त्यांचा अभ्यासक्रमही वेगळा आणि घराशी जोडलेला, ही त्यांची भूमिका आज अपुरी वाटते. तिसऱ्या टप्प्याचं दार त्यांनी उघडलं, पण त्याची रुंदी ठरवताना हात जरा आखडला. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाख रुपये दिले आणि त्यांच्या मातोश्रींचं नाव, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी, विद्यापीठाला लागलं. पाच मुलींपासून १५ लाखांपर्यंत चार वर्षं!

इथे थांबले असते तरी पुरे होतं. मार्च १९२९ मध्ये हे गृहस्थ बोटीवर चढले. युरोपात जिनिव्हा, डेन्मार्कमधलं एल्सिनोर, मग अमेरिकाभर व्याख्यानं, आणि शेवटी टोकियो. तिथे त्यांनी ते महिला विद्यापीठ डोळ्यांनी पाहिलं. तब्येतीचा विचार करून आता तरी घरी बसले असतील? एप्रिल १९३० मध्ये परतले आणि त्याच वर्षाअखेरीस आफ्रिकेला निघाले, पंधरा महिन्यांसाठी. विद्यापीठासाठी वर्गणी गोळा करत.

१९३६ मध्ये, वय ७८, त्यांनी उलटं वळण घेतलं. विद्यापीठाचा संस्थापक थेट पहिलीच्या वर्गाकडे! ज्या खेड्यांत लोकल बोर्डाची शाळा पोचलेली नाही तिथे शाळा काढायच्या, म्हणून ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ. मुरुडच्या शाळेतून आलेल्या माणसाला हे सुचणं स्वाभाविक. पण विद्यापीठ काढल्यावर बालवर्गाकडे जाणं म्हणजे उतरणं आहे असं त्यांना वाटलं नाही, हे विलक्षण. मग १९४४ मध्ये समता संघ. १९५८ मध्ये शंभराव्या वर्षी भारतरत्न, आणि टपाल खात्याचं तिकीट. हयात असताना भारतीय टपाल तिकिटावर आलेली ती पहिली व्यक्ती.

पण ही वाट अण्णा एकटे चालले नाहीत. आधी पार्वतीबाई आठवल्यांबद्दल. बायांची ही बहीण, तीही विधवा, पदरी मुलगा. बहिणीच्या घरी येईपर्यंत शिक्षणाशी संबंध नाही. आश्रमात शिकल्या, मग आश्रमासाठी वर्गणी मागत गावोगाव फिरल्या. केशवपन त्यांनी मुद्दाम बरीच वर्षं चालू ठेवलं. सोवळी बाई दारात आली की घरं उघडत. पुढे एक दिवस ठरवून केस वाढवले. आणि १९१८ मध्ये त्या अमेरिकेला निघाल्या, मोडक्यातोडक्या इंग्रजीच्या भांडवलावर! तिथे पोटासाठी लोकांच्या घरची कामं केली, आश्रमासाठी निधी जमवला. कोकणातल्या माजघरातून अमेरिकेपर्यंत. होम्स-राहेंच्या यादीला हिची बेरीज करता आली असती का?

आणि बाया? या सगळ्याचं बिल त्यांनी भरलं. नवरा मिळवतो ते आश्रमाला देतो, घरात चार मुलगे. सुईणपणाचं शिक्षण घेऊन त्यांनी हातभार लावला. सगळ्यात तीव्र उपरोध हा की ज्या आश्रमाची कल्पना त्यांच्याच जगण्यातून आली, त्या आश्रमापासून त्यांना सुरुवातीची बरीच वर्षं लांब राहावं लागलं. पुनर्विवाहित बाई तिथे वावरली तर मुलींचे आईबाप बिथरतील! पाटीवर काय लिहायचं नाही हे ठरवण्याची किंमत कोणी मोजली, ते यात दिसतं. अण्णांच्या शहाणपणाचं कौतुक करताना ही ओळ गाळायची आपल्याला सवय आहे.

अण्णांनी 'आत्मवृत्त' लिहिलं, बायांनी 'माझे पुराण'. दोन्ही मिळतात. घरात कुणी नोकरी सोडण्याच्या, धंदा बदलण्याच्या किंवा निवृत्तीनंतर काहीतरी भव्य सुरू करण्याच्या बेतात असेल तर दोन्ही आणा. मात्र बायांचं आधी वाचा, आणि शक्य झालं तर नवरा-बायकोने मिळून.